पडद्यावरील जोडी आणि घरांतील मुलगी

प्रेक्षकांनीं आपल्या मनाशीं जोड्या जुळवाव्या, हा छंद आजकालचा नव्हे. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईस टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ ‘संयुक्त मानापमाना’चा प्रयोग झाला, तो आमच्या मतें या छंदाचाच एक मोठा उत्सव होता. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन स्पर्धक संस्था. एकीचे बालगंधर्व, दुसरीचे केशवराव भोसले. हे दोघे एकाच रंगमंचावर समोरासमोर उभे ठाकले तर काय बहार होईल, ही रसिकांची हौस त्या दिवशीं पुरी झाली. खाडिलकरांच्या नाटकांतील भामिनी झाले बालगंधर्व, आणि धैर्यधर झाले केशवराव. त्याच वर्षीं ऑक्टोबर महिन्यांत केशवराव वारले, त्यामुळें त्या प्रयोगाच्या आठवणीस एक हुरहूर कायमची चिकटून राहिली, व ती आठवण मराठी घरांतून दोन पिढ्या तरी सांगितली गेली.

आतां एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. प्रेमाचे ते संवाद बोलणारे दोघेहि पुरुष होते. कुलीन स्त्रीपुरुषांनीं तें प्रेम डोळे भरून पाहिलें, आणि त्यांत वावगें असें कोणासहि कांहीं वाटलें नाहीं; वाटावयाचें कारणहि नव्हतें. बालगंधर्वांच्या नेसण्या-सजण्याचें अनुकरण तर आमच्या आज्या-पणज्यांनीं मोठ्या हौसेनें केलें. परंतु त्याच काळांत त्यांच्यापैकीं एखादीच्या घरांत पुरुषावर प्रेम करणारा पुरुष असता, तर या टाळ्यांचा त्याला काय उपयोग झाला असता? तिळमात्रहि नाहीं. टाळ्या वाजवून घरीं आलेल्या मंडळींनींच त्याला घराबाहेर काढलें असतें.

हें सर्व आठवण्यास निमित्त झालें एक पत्र. गोंदिया तालुक्यांतील दवनीवाडा येथून एका वाचक भगिनीनें तें धाडलें आहे. घर एकत्र कुटुंबाचें. सासूबाई, तीन भाऊ, तीन जावा आणि मुलांबाळांचा गोतावळा. धाकट्या दिराची मुलगी गोंदियास कॉलेजांत जाते; ती बाईंना ‘मोठी आई’ म्हणते, आणि आईपेक्षां त्यांच्याशींच अधिक बोलते. ही मुलगी मोबाईलवर थायलंडच्या मालिका पाहते. त्यांत दोन तरुणी एकमेकींच्या प्रेमांत पडतात. तेवढ्यावर न थांबतां, ज्या मालिकांत असें कांहींएक नाहीं त्यांतल्याहि दोन मैत्रिणींची जोडी ती आपल्या मनानें लावते, आणि त्यांच्या गोष्टी वहींत लिहून काढते. बाईंनीं विचारलें तेव्हां तिनें उत्तर दिलें, कीं यास ‘शिपिंग’ म्हणतात, जगभर लाखों मुली तें करतात, आणि त्यायोगें लेस्बियन स्त्रियांना साहित्यांत व पडद्यावर मानाची जागा मिळते. हा नुसता खेळ नव्हे. बाई आम्हांस पुसतात : ‘हें खरें काय?’

पत्रांत आणखीहि एक प्रश्न आहे. तो त्यांनीं विचारलेला नाहीं, पण पत्र वाचणारास तो दिसल्यावांचून राहत नाहीं. त्याकडे पुढें वळूं; आधीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर देणें हा आमचा धर्म.

‘शिप’ हा शब्द ऐकून वाचकांस जहाजें आठवतील. त्यांचा येथें कांहीं संबंध नाहीं. इंग्रजींतील ‘रिलेशनशिप’ या शब्दाचें डोकें उडवून राहिलेलें शेपूट चाहत्यांनीं क्रियापदासारखें वापरलें, आणि गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत ‘एक्स-फाइल्स’ नामक अमेरिकन मालिकेच्या चाहत्यांत तें रूढ झालें. अमुक दोन पात्रें एकत्र यावीं असें मनापासून इच्छिणें, त्यांच्याविषयीं तासन् तास बोलणें, त्यांचीं चित्रें काढणें, त्यांच्या कथा रचणें, हें सारें त्यांत येतें. शब्दाहून वस्तु जुनी आहे. ‘स्टार ट्रेक’ या मालिकेंतील कप्तान कर्क आणि स्पॉक हे दोन पुरुष एकमेकांचे प्रियकर आहेत असें कल्पून लिहिलेली पहिली छापील कथा १९७४ सालीं चाहत्यांच्या एका घरगुती पत्रिकेंत आली. ती लिहिणारी स्त्री होती, आणि पुढें अशा कथा लिहिणारांत स्त्रियांचाच भरणा राहिला. गंमत अशी, कीं या स्त्रियांनीं जोड्या लाविल्या त्या बहुतांशीं पुरुषांच्या. आजहि अशा कथांच्या मोठमोठ्या संग्रहांत दोन पुरुषांच्या जोड्या भरमसाट, आणि दोन स्त्रियांच्या त्या मानानें थोड्या आढळतात. म्हणजे स्त्रियांनीं चालविलेल्या या स्वयंपाकघरांतहि स्त्रियांचें पान मागाहूनच वाढलें जातें! मुलीचा दावा तपासतांना ही गोष्ट विसरतां येत नाहीं.

तथापि दाव्यांत तथ्य मुळींच नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं. १९९५ ते २००१ या काळांत ‘झीना’ नांवाच्या एका योद्धा स्त्रीची मालिका अमेरिकेंत चालली. झीना आणि तिची सहचरी गॅब्रिएल यांचें प्रेम मैत्रीचें कीं त्याहून अधिक, हें मालिकेनें अखेरपर्यंत स्पष्ट शब्दांत सांगितलें नाहीं. चाहत्यांनीं मात्र तें केव्हांच ठरवून टाकलें होतें, आणि शेंकडों कथा लिहिल्या होत्या. पुढें मालिकेच्या चालकांनीं त्या चाहत्यांपैकींच एका लेखिकेस बोलावून शेवटच्या पर्वाचे कांहीं भाग तिच्याकडून लिहवून घेतले. वहींत लिहिणारी मुलगी खऱ्या लेखकाच्या खुर्चीवर जाऊन बसली, याचें हें उदाहरण आहे. दुसरें उदाहरण दुःखाचें. ‘द हंड्रेड’ या मालिकेंत लेक्सा नांवाची एक सेनानायिका होती. स्त्रीवर प्रेम करणारी, आणि तरीहि भित्री, विकृत किंवा हास्यास्पद नसलेली. मार्च २०१६ मध्यें, तिचें प्रेम सफळ होतें न होतें तोंच, एका भरकटलेल्या गोळीनें तिला मारून टाकण्यांत आलें. चाहत्या रडल्या, चिडल्या. पण तेथें न थांबतां त्यांनीं अशा तरुण मुलामुलींना आत्महत्येपासून परावृत्त करणाऱ्या एका अमेरिकन संस्थेसाठीं एक लाख डॉलरांहून अधिक वर्गणी गोळा केली. मालिकेच्या प्रमुख लेखकानें जाहीर क्षमा मागितली. दुसऱ्या वर्षीं त्याच जोडीच्या नांवानें लास व्हेगास येथें एक मेळावा भरला, आणि लेखक, नट्या नि प्रेक्षक प्रथमच या एका विषयावर समोरासमोर बसले.

एवढा शोक एका काल्पनिक बाईसाठीं कां, असें घरांतील वडीलधारीं मंडळी विचारतील. त्याचें उत्तर अमेरिकेंत शोधावयास नको. तें मराठींतच आहे.

विजय तेंडुलकरांचें ‘मित्राची गोष्ट’ हें नाटक १९८१ सालीं रंगभूमीवर आलें. रोहिणी हट्टंगडी यांनीं मित्राची भूमिका केली. सुमित्रा देव ऊर्फ मित्रा ही कॉलेजांतील तरुणी. बापू हा तिचा मित्र, आणि गोष्ट सांगतो तोच. कॉलेजच्या एका नाटकांत मित्रा पुरुषाची भूमिका घेते, समोर नमा असते, आणि इतरांच्या दृष्टीनें जी करमणूक ती मित्राच्या दृष्टीनें आयुष्याची गोष्ट होऊन बसते. ‘संयुक्त मानापमाना’च्या रसिकांना जें दिसलें नव्हतें तें तेंडुलकरांनीं साठ वर्षांनंतर नेमकें दाखविलें : रंगमंचावर जोडी शोभते म्हणून टाळ्या देणारे लोक तीच जोडी रंगमंचाखालीं उतरतांच तोंड फिरवितात. मित्राचा शेवट आत्मघातांत होतो. तेंडुलकरांच्या याच मित्राच्या कथेवर रवि जाधव यांनीं एक लघुचित्रपट केला; त्यास २०१४ सालचा सर्वोत्कृष्ट लघुकथापटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, व २०१५ मध्यें ‘बायोस्कोप’ या चित्रपटांत तो सर्वांस पाहावयास मिळाला. १९८२ सालच्या ‘उंबरठा’ चित्रपटांत महिलाश्रमांतील दोन स्त्रियांचा असा संबंध येतो, तो संस्थेपुढील एक अडचण म्हणून. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरून घेतलेल्या त्या चित्रपटांत स्मिता पाटील यांच्या सुलभेचें दुःख आम्हां सर्वांच्या स्मरणांत आहे. त्या दोघींचीं नांवें किती वाचकांस आठवतात?

सारांश, मराठींत अशी स्त्री आली ती मरण्यासाठीं आली, नाहीं तर प्रकरण होऊन आली. ज्या मुलीला आपल्या मनाचा कल प्रथमच कळूं लागला आहे, तिनें आपल्या भाषेंतील पुस्तकें चाळलीं तर तिला आपलें भविष्य काय दिसेल याचा विचार वाचकांनींच करावा. तेंडुलकरांना आम्ही दोष देत नाहीं. त्यांनीं जें पाहिलें तें लिहिलें, आणि लिहिलें तेव्हां दुसरें कोणी लिहीत नव्हतें. पण चाळीस-पंचेचाळीस वर्षांनंतरहि मित्रेच्या जोडीला, जगलेली, म्हातारी झालेली, नळाच्या पाण्यावरून शेजारणीशीं भांडणारी दुसरी मित्रा सुशिक्षित वाचकांस चटकन् आठवूं नये, हें काय सांगतें?

येथेंच त्या वहीची थोरवी आम्हांस पटते. चाहत्या मुली बहुधा करतात काय, तर शेवट बदलतात. मेलेलीला जिवंत करतात, ताटातूट झालेल्यांना एका घरांत नांदवितात, त्यांना स्वयंपाक, भांडण, आजारपण, सणवार हें सारें देतात. हें करणें आपल्याकडे अपूर्व मुळींच नाहीं. आमच्या बायकांनीं जात्यावर बसून सीतेच्या वनवासाच्या ओव्या गाइल्या, तेव्हां त्यांनीं वाल्मीकीस विचारलें होतें काय? ज्या दुःखाविषयीं घरांत कोणाजवळ चकार शब्द काढतां येत नव्हता, तें त्यांनीं सीतेच्या तोंडीं घातलें. गी पॉइत्व्हें आणि हेमा राईरकर यांनीं अशा लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, तेव्हां कोठें विद्वानांना कळलें कीं पोथींतल्या रामायणाशेजारीं बायकांचें एक रामायण पिढ्यान् पिढ्या दळलें जात होतें. दवनीवाड्याच्या मुलीची वही आम्ही त्याच जातकुळींतली समजतों. एकटीच्या मनाला सोबत मिळणें ही लहान गोष्ट नव्हे, आणि तिला ‘पोरखेळ’ म्हणणारांनीं आपल्या आजीच्या ओव्या एकदां आठवाव्या.

पण ओवीची जी मर्यादा तीच वहीचीहि. ओव्यांनीं सासुरवाशिणीचें मन हलकें झालें. सासुरवास कमी झाला नाहीं. तो कमी होण्यास शाळा लागल्या, कायदे लागले, आणि बोलावयास उभ्या राहणाऱ्या बाया लागल्या.

शिवाय या छंदांत एक व्यापारी मेख आहे, ती मुलीस ठाऊक असावी. दोन नायिकांत कांहीं तरी आहे असें नुसतें सुचवावयाचें. डोळ्यांची भेट, हाताचा स्पर्श, अर्धवट वाक्य, इतकेंच दाखवावयाचें. चाहत्यांनीं जोडी लावली कीं प्रेक्षकसंख्या वाढते. आणि कोणी सरळ विचारलें तर ‘छे, त्या तर मैत्रिणी’ असें म्हणून हात झटकावयाचे. अशानें निर्मात्यास दोहींकडून लाभ. स्त्रीवर प्रेम करणाऱ्या स्त्रियांचे पैसेहि मिळतात, आणि त्यांचा तिरस्कार करणारांचेहि. या ठिकाणीं शिपिंग हें प्रतिनिधित्वाला साहाय्य न होतां त्याचा स्वस्त मोबदला होऊन बसतें. चाहत्या आपल्या कल्पनेनें रिकामी जागा भरून काढतात, म्हणून निर्मात्यास ती भरण्याची गरजच उरत नाहीं. भुकेल्या पाहुण्यानें आपला डबा आपणच आणावा आणि यजमानाच्या पाहुणचाराची वाहवा व्हावी, तसला हा प्रकार.

थायलंडची गोष्ट थोडी निराळी आहे, आणि मुलगी तेथील मालिका पाहते म्हणून ती सांगितली पाहिजे. २०२२ च्या अखेरीस तेथें ‘गॅप’ नांवाची मालिका सुरू झाली. दोन स्त्रियांचें प्रेम हाच मुख्य विषय असलेली ती तेथील पहिली मोठी मालिका, आणि ती एका थाई कादंबरीवरून घेतलेली होती. तेथें सुचवून नामानिराळें होणें नाहीं. प्रेम आहे तें प्रेमच म्हटलें आहे, आणि शेवटीं कोणी मरत नाहीं. ती जगभर पाहिली गेली, व तिच्यामागून तशा मालिकांची रांग लागली. चाहत्यांच्या उत्साहावांचून हें झालें नसतें, हें उघड आहे. पण तेथेंहि एक खोड आहेच. नट्यांनीं पडद्याबाहेरहि जोडी म्हणूनच वावरावें, जाहिरातींत, मेळाव्यांत हातांत हात घालून दिसावें, अशी व्यवस्था निर्माते करतात, आणि कांहीं चाहते त्या खऱ्या माणसांच्या खासगी आयुष्यावर पाळत ठेवूं लागतात. पात्रांची जोडी लावण्यास आमची हरकत नाहीं. पात्रें तक्रार करीत नाहींत. परंतु हाडामांसाच्या बाईची जोडी तिला न विचारतां लावणें हें, मग तें वधूवरसूचकानें केलेलें असो कीं चाहतीनें, आम्हांस सारखेंच अप्रशस्त वाटतें. (वधूवरसूचक मंडळांच्या जाहिरातींचे दर आम्हांस ठाऊक आहेत, म्हणून अधिक बोलत नाहीं.)

मग खरें साहाय्य कशानें होतें? याचेंहि उदाहरण आमच्या डोळ्यांदेखत घडलेलें आहे. दीपा मेहता यांचा ‘फायर’ हा चित्रपट नोव्हेंबर १९९८ मध्यें भारतांत प्रदर्शित झाला. राधा आणि सीता या दिल्लीच्या एका एकत्र कुटुंबांतील जावा. नवऱ्यांपैकीं एक विरक्त, दुसरा परस्त्रीरत. आणि या दोघी एकमेकींच्या होतात. शबाना आझमी व नंदिता दास यांनीं त्या भूमिका केल्या. २ डिसेंबर १९९८ रोजीं मुंबईंत चित्रपटगृहांवर हल्ला झाला, कांचा फुटल्या, खेळ बंद पडले. पाठोपाठ दिल्लींतहि तेंच. चित्रपट पुन्हा सेन्सॉरकडे धाडण्यांत आला, आणि फेब्रुवारी १९९९ मध्यें तो न कापतां पुन्हा लागला. मधल्या काळांत एक गोष्ट घडली, ती आमच्या मतें चित्रपटाहून मोठी. ७ डिसेंबर रोजीं दिल्लीच्या रीगल चित्रपटगृहासमोर लोक मेणबत्त्या घेऊन उभे राहिले. बहुतेकांच्या हातांतले फलक कलास्वातंत्र्याविषयीं होते. पण कांहीं स्त्रियांनीं, आपण भारतीय आहों आणि लेस्बियनहि आहों, असें लिहिलेले फलक धरले. भर रस्त्यावर, वर्तमानपत्रांच्या छायाचित्रकारांसमोर.

त्या स्त्रियाहि राधा आणि सीतेच्या चाहत्याच होत्या. पण पडद्यावरील जोडीस त्यांनीं आपली सही दिली. हें सर्वांस जमणार नाहीं, दवनीवाड्याच्या मुलीस तर आज मुळींच नाहीं, आणि कोणी तिच्याकडून तशी अपेक्षाहि करूं नये. आमचें म्हणणें इतकेंच, कीं जोडीची आवड जेव्हां मागणीचें, वर्गणीचें, लेखनाचें किंवा साक्षीचें रूप घेते, तेव्हां तिचा उपयोग होतो. नुसती आवड ही आवडच राहते. ‘झीना’च्या चाहतीनें लेखणी धरली, लेक्साच्या चाहत्यांनीं पैसे जमविले, रीगलसमोरच्या स्त्रियांनीं नांव सांगितलें. बाकीच्या लाखोंनीं जोडी पाहिली, उसासे टाकले, आणि पुढली मालिका लाविली. मुलीस आमचें उत्तर असें, कीं तुझें म्हणणें अर्धें खरें आहे, आणि उरलेलें अर्धें खरें करणें लिहिणारांच्या हातीं आहे.

आतां तो न विचारलेला प्रश्न. बाईंना मालिकांची काळजी नाहीं. त्यांना काळजी आहे ती मुलीची. ही असें लिहिते, म्हणजे ही तशी आहे काय?

आम्हांस ठाऊक नाहीं, आणि वहीवरून तें कोणासहि ठरवितां येणार नाहीं. अशा कथा लिहिणाऱ्या पुष्कळ मुली पुढें पुरुषांशीं सुखानें संसार करतात. पुष्कळ करीत नाहींत. वनवासाच्या ओव्या गाणाऱ्या सर्वच बायका कांहीं वनवासांत गेल्या नव्हत्या. पण समजा, आहे. तर मग काय? या प्रश्नावर मराठी मासिकांनीं मौन धरावें हें आम्हांस शोभत नाहीं, कारण आमच्या एका पूर्वजानें तें धरलें नव्हतें. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकांत वाचकांच्या प्रश्नांना उत्तरें देत, आणि त्यांत समलिंगी संबंधांचाहि विषय येई. त्या उत्तरांपायीं १९३४ सालीं त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वकील म्हणून डॉ. आंबेडकर उभे राहिले. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला, आणि मासिक पुढें १९५३ पर्यंत, म्हणजे त्यांच्या मृत्यूपर्यंत, चालूच राहिलें. वाचकानें विचारलें तर सरळ उत्तर द्यावें, एवढाच काय तो त्यांचा अपराध.

सरळ उत्तर असें. हा रोग नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें रोगांच्या यादींतून तो १९९० सालींच काढून टाकला. असा कल ‘बरा करून देतों’ म्हणणाऱ्या डॉक्टराचें वर्तन हें व्यवसायास न शोभणारें गैरवर्तन होय, असें राष्ट्रीय वैद्यक आयोगानें २०२२ मध्यें राज्यांच्या वैद्यक परिषदांस कळविलें. तेव्हां नागपूरला नेऊन कोणास दाखवावें असा विचार घरांत निघालाच तर तो तेथेंच थांबवावा. हा गुन्हाहि नाहीं. ६ सप्टेंबर २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ३७७ व्या कलमाचा तो भाग रद्द ठरविला. लग्नाचा हक्क मात्र नाहीं. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालानें तो देण्यास न्यायालयानें नकार दिला. कायद्याची स्थिति ही अशी, अर्ध्या उघड्या दारासारखी. पण दारांतून माणसें ये-जा करूं लागलीं आहेत. त्याच नागपुरांत २०२१ च्या अखेरीस दोन स्त्रियांनीं आप्तेष्टांसमक्ष एकमेकींस आजन्म सोबतीचें वचन दिलें, आणि वृत्तपत्रांनीं तें छापलें. दवनीवाड्याहून नागपूर कांहीं बँकॉकइतकें दूर नाहीं.

एका न्यायाधीशाची गोष्ट येथें सांगण्याजोगी आहे. घरच्यांच्या विरोधामुळें मदुराईहून चेन्नईस आलेल्या दोन तरुणी संरक्षणासाठीं मद्रास उच्च न्यायालयापुढें आल्या. न्यायमूर्ति आनंद वेंकटेश यांनीं, आपणांस हा विषय कळत नाहीं असें मोकळेपणानें मान्य केलें, आणि निकाल देण्यापूर्वीं स्वतः मानसशास्त्रज्ञाबरोबर बसून तो समजून घेतला. ७ जून २०२१ च्या त्यांच्या आदेशांत हें नमूद आहे. न्यायासनावर बसलेल्या गृहस्थास जें करण्यांत कमीपणा वाटला नाहीं, तें करण्यांत आम्हां संसारी माणसांस वाटूं नये.

म्हणून आमच्या भगिनीस आमची विनंति अशी. वही मुलीनें आपण होऊन दिली तरच वाचावी. उशाखालून काढून वाचूं नये, आणि सासूबाईंपुढें तर ती मुळींच नेऊं नये. ‘तूं तशी आहेस का?’ असें विचारूं नये. मालिका मात्र तिच्याबरोबर बसून पाहावी. अक्षरें वाचून डोळे दमतील, पण संवादांपेक्षां त्या मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलें तरी पुष्कळ कळेल. तिच्या लग्नाची घाई कोणी करूं लागल्यास शिक्षण पुरें होईपर्यंत तें लांबविण्याचें काम मोठ्या जाऊबाईच्या अधिकारांत बसतें. तो अधिकार अशाच वेळीं वापरावयाचा असतो. ती आपल्याशीं बोलते हें आपण लिहिलेंच आहे. तें बोलणें बंद पडूं नये, याहून मोठें साहाय्य कोणत्याहि मालिकेनें तिला होणार नाहीं.

आणि मुलीस आमचा निरोप द्यावा. थाई मुलींच्या गोष्टी तिनें पुष्कळ लिहिल्या. आतां एक गोष्ट मराठींत, आपल्याच मुलखांतली लिहावी. झाडीपट्टींत धानाचीं कापणी उरकली कीं रात्र-रात्र नाटकें चालतात, आणि जुन्या दंडारींत पुरुषच बायका होऊन नाचत; तेथें प्रेक्षकांत बसलेल्या दोन मुलींची गोष्ट कोणी लिहिलेली आमच्या वाचनांत नाहीं. आम्ही ती आनंदानें वाचूं, आणि योग्य वाटल्यास दिवाळी अंकांत छापूं. अट एकच, शेवटीं दोघीहि जिवंत असाव्या. मजकूर तीन हजार शब्दांच्या आंत असावा, कागदाच्या एकाच बाजूस लिहावा, आणि नांव छापावयाचें नसल्यास तसें सोबतच्या पत्रांत कळवावें.